घोंगडीवाला खाली गेला

१

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी धर्मशाळेच्या माडीवरच्या लहान खोलीत भिमाजी शेलार शिरले आणि तिथल्या तिथे मटकन खाली बसले. टेबलावर चित्रांची खाकी पिशवी असायला हवी होती. टेबल होतं, पिशवी नव्हती.

साल एकोणीसशे अडुसष्ट, महिना जानेवारीचा, आणि लोणावळ्याची थंडी दात वाजवणारी. ‘रानपाखरू’ मासिकातल्या चित्रकथांवर जीव टाकणाऱ्या वाचकांचा हा तिसरा मेळावा. मिश्या आलेली, पोराबाळांची माणसं चित्रांच्या गोष्टी वाचतात, दोन दिवस घरदार सोडून एके ठिकाणी जमतात, चौघांना व्यासपीठावर बसवून ‘चित्रकथेत शब्द किती, चित्र किती’ यावर तावातावाने परिसंवाद झोडतात, आणि त्यातलेच काही कथेतल्या माणसांचे वेश करून हिंडतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा श्रीपती असवल्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला होता.

लावू दे बापडी. श्रीपती पुण्यात पोस्टात कारकून होता. वर्षभर तो पत्रांवर शिक्के मारी आणि साहेबाचं ऐकून घेई. या दोन दिवसांत मात्र त्याचं ऐकून घेणारी दीडशे माणसं असत. दर साली मेळाव्याचा शेवटचा परिसंवाद त्याचा. एक खोटी चोरी रचायची, चार संशयितांना व्यासपीठावर बसवायचं, सगळ्यांना एका दिशेला पळवायचं आणि अखेरच्या घटकेला गाडी भलतीकडेच वळवायची. ‘श्रीपतरावांची कलाटणी’ म्हणून तिचं नाव झालं होतं, आणि त्या नावाची त्याला चढलेली नशा काही लपत नव्हती.

पिशवीत होती ‘वाघजाईचा पोर’ या चित्रकथेच्या शेवटच्या भागाची बावीस मूळ चित्रं. चित्रकार सीताराम गराडे स्वतः आले होते. सत्तरीचा, थकलेला माणूस. पिशवी गेल्याचं ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी इतकी वाजायला लागली की हिरा नावाच्या मुलीने ती हळूच काढून घेतली. सोमवारी ती चित्रं मुंबईला प्रकाशकाकडे जायची होती, सीतारामरावांच्या नावाची पाटी लावून कायमची भिंतीवर टांगायला.

भिमाजी मेळाव्याचे अध्यक्ष, धर्मशाळेचे विश्वस्त आणि गावातले मोठे जमीनदार. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी श्रीपतीला कोपऱ्यात घेतलं.

“श्रीपतराव, पोलीस नकोत. मेळाव्याची अब्रू जाईल. तुमी दर साली खोटा चोर धरता, औंदा खरा धरा. संध्याकाळच्या परिसंवादापर्यंत.”

“आणि नाही सापडला तर?”

“मग मी शिदूला धरतो. खोलीची एक किल्ली सीतारामरावांपाशी, दुसरी त्याच्यापाशी असते. उद्या बिऱ्हाड बाहेर.”

शिदू धर्मशाळेचा रखवालदार. भुशीच्या वरच्या वाडीतला. बायको बाया आणि सहा वर्षांची चिंगी यांच्यासह नऊ वर्षं तो जिन्याखालच्या खोलीत राहत होता. वाडीतलं त्याचं खोपटं केव्हाच पडलं होतं. ही खोली गेली तर तिघांना डोक्यावर छप्पर नव्हतं.

श्रीपतीला ते ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्याही आधी त्याच्या छातीत काहीतरी आनंदाने उडालं होतं, आणि ते त्याने स्वतःपासूनसुद्धा लपवलं.

२

वेशभूषेसाठी तिघांनी ‘वाघजाईचा पोर’ होऊन घोंगडी पांघरली होती. थंडी असल्याने सकाळपासून ती कुणाच्याच अंगावरून उतरली नव्हती.

पहिले दत्तोबा काकडे, तळेगावचे चित्रकलेचे मास्तर. “मी कुठे जाणार?” ते म्हणाले. “सहापासून माडीवर खुर्च्या मांडतोय. साडेआठला माझा परिसंवाद सुरू झाला. दीडशे साक्षीदार आहेत, त्यांतले साठ झोपले होते, पण उरलेले सांगतील.”

दुसरी हिरा. कॉलेजात जाणारी, खिशात हात घालून चालणारी. दाराशी टेबल टाकून ती येणाऱ्यांना बिल्ले वाटत होती. “मी बसल्यापासून या दारातून पिशवी घेऊन कुणीसुद्धा बाहेर गेलेलं नाही,” ती ठासून म्हणाली. श्रीपतीने ते शब्द वहीत जसेच्या तसे उतरवले आणि खाली रेघ ओढली. बाहेर जायला दार एकच. म्हणजे पिशवी आतच होती.

तिसरा सखाराम, सीतारामरावांचा मदतनीस. पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो साडेअकराला परतला, घोंगडी काखेत गुंडाळलेली, कपाळावर घाम.

“भुशीला गेलो होतो. धरणाचं चित्र काढायला.” त्याने चित्रवही उघडून दाखवली. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरत होतं, खडकाखडकाची रेघ ठाम होती.

“काय हात आहे!” श्रीपती म्हणाला.

“शिकवणीचा गुण,” सखाराम म्हणाला आणि वही मिटली.

उरली बाया. श्रीपती जिना उतरून तिच्या खोलीत गेला. चुलीपाशी कोपऱ्यात चिंगी घोंगडीचं मुटकुळं करून पडली होती, नुसते केस बाहेर दिसत होते.

“ताप हाय तिला कालधरनं,” बाया म्हणाली. “माझी भैन खाली दिलीया, तिनं काढा धाडलाय. बसा भाऊ. चिंगीचा बा पान्याला गेलाय.”

“बाया, वरची खाकी पिशवी गेलीय.”

“आमी तळाला ऱ्हातो. माडीवर काय चालतं आमाला काय ठावं?”

“सकाळपासून ती कुणाच्या हातात पाहिलीस का?”

“व्हय की. घोंगडीवाला घिऊन खाली गेला.”

श्रीपतीची पेन्सिल थांबली. “कोण घोंगडीवाला? नाव सांग.”

बायाने पदर सावरला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “आता नाव कसं सांगू, भाऊ?”

कसं सांगणार! मावळातली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. श्रीपतीने वही मिटली.

“बास. समजलं,” तो म्हणाला. बाया आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, पण तोवर तो खोलीबाहेर पडला होता.

वर जाण्याआधी त्याने न्हाणीघरातल्या बंबात तेवढं डोकावून पाहिलं. आत राख होती. कागदाची.

३

संध्याकाळी सहाला माडीवरचा दिवाणखाना खच्चून भरला. श्रीपती उभा राहिला आणि एकदम शांतता झाली. अशी शांतता त्याला पोस्टात कधी मिळाली नव्हती.

“मंडळी, आजची चोरी खरी आहे,” तो म्हणाला. “दारातून पिशवी बाहेर गेली नाही. ती घोंगडी पांघरलेल्या माणसाने जिन्यावरून खाली नेली, असं पाहणारी साक्षीदार आहे. घोंगड्या चार, तीन वेशाच्या आणि एक शिदूची. दत्तोबा वर होते. हिरा दाराशी होती. सखाराम भुशीला होता. खाली राहणारा घोंगडीवाला एकच, आणि त्याचं नाव साक्षीदार बाईने घेतलं नाही. का घेतलं नाही? कारण आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही.”

सभेतून “अरे!” असा आवाज उठला. श्रीपतीला तो गोड लागला, हे इथे सांगितलंच पाहिजे.

“कारण काय? शुक्रवारी गरम पाणी उशिरा आलं म्हणून आबांनी शिदूला चारचौघांत खडसावलं होतं. त्याचा राग. आणि पिशवी कुठे? बंबात. तिथे कागदाची राख आहे.”

टाळ्या पडल्या. जोरात, बराच वेळ. दाराशी शिदू चहाची थाळी घेऊन उभा होता. त्याने ती हळूच जमिनीवर ठेवली.

“म्या न्हाई,” तो म्हणाला. “बंब रोजच कागदानं पेटवतो. गेल्या सालच्या ह्यांच्याच पत्रकानं. आबा, म्या न्हाई.”

“उद्या दिवस मावळायच्या आत खोली मोकळी कर,” भिमाजी म्हणाले.

शिदूने मागे वळून जिन्यावर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. नऊ वर्षं एका खोलीत राहिलेल्या बाईकडे माणूस असं पाहतो तेव्हा बघणाऱ्याने मान फिरवावी. श्रीपतीने फिरवली.

४

रविवारी सकाळी तो कशाला खाली उतरला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चोर धरला होता, सीतारामरावांनी थरथरता हात त्याच्या डोक्यावर ठेवला होता, दत्तोबांनी मिठी मारली होती. तरी रात्रभर काहीतरी सलत होतं.

बाया भांडी पोत्यात भरत होती. शिदू उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता. तो बायकोशी बोलत नव्हता, तिचं ऐकूनही घेत नव्हता.

“कुठे जाणार आता?” श्रीपतीने विचारलं.

“खाली,” बाया म्हणाली. “भैनीकडं.”

“खाली म्हणजे?”

बायाने या शिकल्यासवरल्या माणसाकडे वर पाहिलं. “खाली म्हंजे खाली. घाट उतरून. कोकनात.”

श्रीपती भिंतीला टेकला. त्याची आई पवनेच्या काठच्या गावातली. मीठ आलं की ती म्हणायची, खालचं आलं. मामा कर्जतला गेला की म्हणायची, खाली गेलाय. जिन्यावरून उतरणाऱ्याला त्यांच्या घरात कुणी ‘खाली गेला’ म्हणालं नव्हतं, कारण त्यांच्या घराला जिनाच नव्हता. बावीस वर्षं पुण्याच्या पेठेत राहून, शुद्ध बोलायची हौस करून, तो आपल्या आईची बोली विसरला होता.

“तू काल म्हणालीस, पिशवी खाली गेली...”

“व्हय. नाक्याला दूध आनाया गेलते मी. माझ्याम्होरं त्यो घोंगडीवाला पिशवी घिऊन यष्टीत चढला. सातची, खोपोलीची.”

“मग हे काल का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं कुटं? बास, समजलं, म्हनला आन गेला.”

“आणि नाव?”

“तुमच्या मेळाव्यातल्या मानसाचं नाव मला कसं ठावं आसनार? म्हनून म्हनलं, कसं सांगू.” तिचा आवाज चढला. “चिंगीच्या बाला मी चिंगीचा बा म्हनते. घोंगडीवाला कशापायी म्हनीन? त्येची घोंगडी पोरीच्या अंगावर व्हती. तुमी बगितली की, तुमच्या डोळ्यांनी!”

बघितली होती. मुटकुळं, आणि बाहेर आलेले केस. उंबऱ्यावर शिदूची पाठ हलली. त्याने मान वळवली आणि कालपासून पहिल्यांदा बायकोकडे नीट पाहिलं. बाया तोंडावर पदर धरून रडायला लागली.

श्रीपती धावत दाराशी गेला. हिरा बिल्ले लावत होती.

“काल तू किती वाजता बसलीस?”

“आठला,” हिरा म्हणाली. “का हो?”

५

हिरा आठला बसली, पिशवी सातलाच गेली होती. आणि बायाने पाहिलेला ‘त्यो’ होता, ‘ती’ नव्हे. दत्तोबा सहापासून माडीवर खुर्च्या ओढत होते. उरला एकच. आणि त्याची साक्ष त्याच्याच वहीत होती.

सखाराम अंगणापलीकडच्या ओट्यावर विडी ओढत बसला होता.

“भुशीला गेला नव्हतास तू,” श्रीपती म्हणाला. “धरण भरून वाहतं ते आषाढात. जानेवारीत त्या पायऱ्या ठणठणीत कोरड्या असतात. तू ते चित्र आठवणीतून काढलंस. कदाचित यष्टीत बसून.”

सखाराम हसला. त्या हसण्यात भीती नव्हती, आणि तेच श्रीपतीला असह्य झालं.

“परतताना काढलं,” तो म्हणाला. “थांब्यावर अर्धा तास होता. चुकलंच ते.”

“चित्रं कुठे आहेत?”

“खोपोलीच्या अलीकडे कागदाचा कारखाना आहे. मागे रद्दीचे ढीग असतात. मी ती लगद्याच्या हौदात पडेपर्यंत उभा राहिलो.”

“पण का रे? तुझ्या गुरूची चित्रं?”

“गुरूची?” सखारामने विडी विझवली. “कपबशी धरताना पाहिलंत ना त्यांना? सहा वर्षं झाली, त्या हाताला सरळ रेघ येत नाही. सहा वर्षं पोर मी काढतोय, वाघ मी काढतोय, खाली सही मी करतोय, त्यांच्या नावाची. त्यांनी खायला घातलं, शिकवलं, मी बोललो नाही. पण आता ती भिंतीवर लागणार होती. कायमची. माझी चित्रं माझ्या नावाने राहायची नसतील, तर ती राहायचीच नाहीत.”

श्रीपतीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. “मग शिदूने काय पाप केलं? चल, आबांपुढे बोल.”

“बोललो तर म्हाताऱ्याचे हात उघडे पडतील. त्या धक्क्याने तो जगायचा नाही.” सखाराम उठला. “शिदूचं मला वाईट वाटतं. पण शिदूवर बोट मी नाही ठेवलं, श्रीपतराव. तुम्ही ठेवलंत. टाळ्यांसाठी.”

श्रीपती तसाच शिदूच्या खोलीकडे गेला आणि म्हणाला, “तीनच्या परिसंवादात मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. गाठोडं बांधू नका.”

शिदूने हातातली दोरी खाली ठेवली.

६

तीन वाजता दिवाणखान्यात उभं राहायला जागा नव्हती. शेवटचा परिसंवाद, कोड्याचा. खुर्च्यांवर दत्तोबा, हिरा आणि घोंगडी पांघरलेला सखाराम. पहिल्या रांगेत भिमाजी आणि त्यांच्या शेजारी सीतारामराव.

श्रीपती पुढे आला. “मंडळी, आज कोडं नाही,” तो म्हणाला. “काल मी चुकलो. शिदू चोर नाही.”

सभा एकदम सावरून बसली. कुणीतरी मागून पुटपुटलं, “आली बघ, आली!”

त्याने सगळं सांगितलं. खाली म्हणजे कोकणात, हे सांगितलं तेव्हा लोणावळ्याची माणसं मांडीवर थाप मारून हसली. नाव कसं सांगू, याचा अर्थ उलगडला तेव्हा बायकांकडून वाहवा आली. पोरीच्या अंगावरची घोंगडी, हिराने सांगितलेले आठ, जानेवारीतल्या पायऱ्यांवरचं पाणी. एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती, आणि प्रत्येक गोष्टीगणिक माणसांचे चेहरे खुलत होते. हे चेहरे श्रीपती ओळखत होता. दर साली हेच चेहरे असत.

“हे खोटं नाही!” तो ओरडला. “ऐका! चित्रं खरोखर गेली आहेत. ती या सखारामने नेली!”

मग सखाराम खुर्चीवरून उठला, घोंगडी मागे सारली आणि रंगभूमीवरचा नट करतो तसा कमरेतून वाकून त्याने सभेला नमस्कार केला.

दिवाणखाना उसळला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. “म्हणजे कालची चोरीसुद्धा कोड्यातलीच! दोन दिवस बनवलं आपल्याला!” दत्तोबा डोळे पुसत हसत होते. “शिदूनंसुद्धा काय काम केलं!” कुणीतरी ओरडलं.

श्रीपती हात हलवत होता, बोलत होता, पण आवाज पोचत नव्हता. फक्त सीतारामराव टाळ्या वाजवत नव्हते. ते सखारामकडे बघत होते आणि त्यांची मान लटलट हलत होती. त्यांना कळलं होतं. त्यांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले.

भिमाजी व्यासपीठावर चढले. त्यांनाही कळलं होतं, पण ते गावचा कारभार केलेला माणूस. दोन्ही हात वर करून ते हसले. “चित्रं सुखरूप हायेत, मंडळी! आजच मुंबईला धाडली! श्रीपतरावांसाठी आणखी एकदा!” टाळ्या पुन्हा उसळल्या, आणि त्या गोंधळात त्यांनी श्रीपतीचा दंड घट्ट पकडून कानाशी तोंड नेलं.

“चित्रं गेली ती गेली. प्रकाशकाला उद्या चोर द्यावा लागेल. सखारामचं नाव दिलं तर त्यानं का नेली म्हणून इचारतील. म्हाताऱ्याच्या हाताचं मला ठावं हाय, त्याची जन्माची पुण्याई मातीत जाईल. शिदूचं काय जातंय? एक खोली.”

“आबा, मी पुन्हा सांगेन. पत्र लिहीन.”

“लिवा की. वाचतील लोक. म्हनतील, काय कलाटणी हाय.”

श्रीपती जिना उतरला. उतरताना दोघांनी त्याची पाठ थोपटली.

शिदू, बाया आणि चिंगी खोलीच्या पायरीवर रांगेने बसले होते. शिदूने बायकोचा हात धरला होता. चारचौघांत असा हात धरायची त्यांच्यात पद्धत नाही, पण त्याने धरला होता. गाठोडं बांधलेलं नव्हतं.

“झालं सांगून?” शिदूने विचारलं.

“झालं.”

“समदं सांगितलं? चिंगीच्या आयचं बी?”

“सगळं.”

“आयकलं समद्यांनी?”

“ऐकलं.”

“टाळ्या आयकल्या आमी. लय वाजल्या.” शिदूच्या तोंडावर हसू आलं. दोन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती. “मंग आता आमी ऱ्हायाचं न्हवं?”

श्रीपतीने नुसती मान हलवली. नाही म्हणून.

शिदूचं हसू लगेच गेलं नाही. तो श्रीपतीकडे बघत राहिला, मग बायाकडे, मग माडीकडे. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“मंग टाळ्या कशापायी, भाऊ?”

माडीवरून श्रीपतीच्या नावाच्या हाका येत होत्या. सत्कार राहिला होता. बाया उठली, तिने खाली ठेवलेली दोरी उचलली आणि गाठोडं बांधायला घेतलं.